तोरण कोणी बांधावे?

आश्विन जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय पालटतो. श्रावण-भाद्रपदांत व्रते, नैवेद्य आणि महालक्ष्म्यांचा फुलोरा यांविषयी पृच्छा असते; पुढे रंगसफेदी, दाराची शोभा आणि मुलांच्या सुट्या यांची पाळी येते. या खेपेच्या टपालात अमरावतीकडील एका भगिनीचे पत्र आहे, आणि ते वाचून या महिन्याकरिता योजलेला विषय आम्ही बाजूस ठेवला आहे. सदर भगिनी एकत्र कुटुंबात राहतात. त्यांची कन्या नागपुरास वैद्यकीचे शिक्षण घेत असून वसतिगृहात असते; परीक्षेमुळे यंदा दसऱ्यास तिला घरी जाता येणार नाही. घरात दिरांचा मुलगा पाचवीत आहे. त्याच्या शाळेत दसऱ्यापूर्वी वर्ग सजविण्याची चढाओढ लागते, आणि त्याकरिता प्रत्येक मुलाने दोनशे रुपये आणावेत असा निरोप आला आहे. भगिनी लिहितात की, मुलीच्या खोलीसाठी व पुतण्याच्या वर्गासाठी शोभेच्या काही वस्तू आम्ही सुचवाव्यात, आणि नागपुरात त्या कोणत्या दुकानी चांगल्या मिळतात तेही कळवावे.

दुकानांची नावे आम्ही देणार नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सीताबर्डीवर जो कोणी जाईल त्याला ती विचारावी लागत नाहीत. चालावयास रस्ता सापडला तरी पुष्कळ. परंतु पत्रातील दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे आणि ते महत्त्वाचे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम शब्दाकडे पाहू. ही आमची जुनी खोड आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावी. आज आपण तोरण म्हणतो ते पानाफुलांच्या माळेस. परंतु अमरकोशात तोरण म्हणजे बाहेरचे द्वार. सांचीच्या स्तूपाभोवती ज्या चार कोरीव कमानी सुमारे दोन सहस्र वर्षे उभ्या आहेत, ती खरी तोरणे. माळेचे संस्कृत नाव वंदनमाला. तिचाच बंदनवार झाला आणि तो शब्द नागपुरात हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या तोंडी आजही ऐकू येतो. मराठीत मात्र कमान गेली आणि तिचे नाव पानांना चिकटून राहिले. विदर्भात पोळ्याच्या दिवशी या जुन्या अर्थाची थोडी आठवण होते. गावाच्या मोकळ्या जागी आंब्याच्या पानांची दोरी उंच ताणून बांधतात, शिंगे रंगविलेले आणि झूल पांघरलेले बैल तेथे जमतात, आणि तोरण तुटले की पोळा फुटतो. ते तोरण कोणा एकाच्या दाराचे नसते, अवघ्या गावाचे असते. त्याच दिवशी घराच्या दारापाशी पळसाच्या फांद्या ठेवतात. त्यांस मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे रोगराई, इडापीडा घेऊन जाण्यास मारबतीला बजावीत ते मेढे गावाबाहेर नेऊन टाकतात. दारी मांडलेली शोभा कोणत्या वेळी उतरवावयाची, हेदेखील आमच्या वाडवडिलांनी ठरवून ठेवले होते, हे येथे ध्यानात घ्यावे. हल्ली कित्येक घरांच्या दारावर तीन-तीन वर्षे एकच प्लॅस्टिकची माळ धूळ खात लोंबत असते. ती दसऱ्याची म्हणावी की पाडव्याची, हे घरच्या माणसांसही सांगता येत नाही.

आता वसतिगृहातील कन्येच्या प्रश्नाला उत्तर देणारा एक गृहस्थ आमच्या नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवरच भेटतो. मेघदूतातील रामगिरी म्हणजे आपले रामटेक, हे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी साधार मांडले आहे. त्या काव्यातील यक्ष म्हणजे एका वर्षापुरता घर सोडून परगावी राहिलेला मनुष्य. मेघाला तो अलका नगरीचा मार्ग सांगतो आणि शेवटी आपले घर कसे ओळखावे तेही सांगतो. खुणा कोणत्या? इंद्रधनुष्यासारखे रम्य तोरण, जे दुरूनच दिसते. पुढे बाग आहे, वापी आहे. आणि दाराच्या बाजूस रेखाटलेली शंख व पद्म यांची चित्रे. सोन्याचांदीची, हवेल्यांची वाण त्या नगरीत नाही, तरी आपले घर ओळखावयाचे ते या दोन रेखाटनांवरून. आणि घरी राहिलेली त्याची पत्नी काय करते? उंबरठ्यावर फुले मांडून विरहाचे उरलेले महिने मोजते. दाराची शोभा ही पाहुण्यांच्या कौतुकासाठी असते असे आज आपण समजतो. कालिदासाच्या लेखी ती दूर गेलेल्या माणसासाठी आहे. इकडे तो तिची आठवण करतो, तिकडे त्याच उंबरठ्यावर त्याची वाट पाहिली जाते. त्या यक्षाचा शाप कार्तिकी एकादशीस सरतो, म्हणजे आजच्या हिशेबाने बिचाऱ्याची दिवाळीही परगावीच गेली!

यक्षाच्या तोरणात झेंडू मात्र नव्हता, आणि असणे शक्यही नव्हते. अलकेतील स्त्रियांच्या अंगावर कवीने कमळ, कुंद, लोध्र, शिरीष, कदंब अशी सहाही ऋतूंची फुले घातली आहेत. झेंडू मुळात मेक्सिकोकडचा, आणि युरोपातील लोकांची जहाजे अमेरिकेस जाऊ लागल्यानंतर तो इकडे आला. आज झेंडूवाचून दसरा होत नाही असे म्हणणाऱ्या आजीबाईंना हे सांगितले तर त्या आम्हांलाच दाराबाहेर काढतील. गंमत अशी की, त्याच्या मूळ देशातही हे फूल दाराचेच आहे. नोव्हेंबरच्या आरंभी तेथे दिवंगतांच्या स्मरणाचा सण असतो. त्या वेळी झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, ती अशासाठी की गेलेल्या माणसाला आपल्या घराचा रस्ता सापडावा. तेव्हा झेंडू परका म्हणून त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. आमची तक्रार कागदाच्या, कापडाच्या वा प्लॅस्टिकच्या त्या फुलांविषयी आहे जी कधी सुकतच नाहीत. सुकते म्हणून तोरण पुन्हा करावे लागते, पुन्हा करावे लागते म्हणून घरातील चार माणसे एका ठिकाणी बसतात, आणि बसल्यावर कोणी पाने पुसतो, कोणी फुले निवडतो, कोणी दोरा ओवून देतो.

या चार माणसांविषयीही एक गोष्ट सांगावयाची आहे. मोठ्या कुटुंबात सणाच्या आदल्या रात्री पुरण शिजविणाऱ्या, चांदीची भांडी घासणाऱ्या आणि तोरण ओवणाऱ्या स्त्रिया बहुधा त्याच असतात, आणि पुरुषमंडळी सकाळी स्टुलावर चढून खिळा ठोकण्याचे श्रेय घेतात. तोरण ओवण्यास पाककौशल्य लागत नाही. एक सुई, जाड दोरा, आंब्याची धुऊन पुसलेली पाने आणि देठ खुडलेली फुले एवढ्यावर ते होते. पान देठाकडे दुमडून त्या घडीतून दोरा न्यावा, म्हणजे ते फाटत नाही व वाऱ्याने फिरतही नाही; झेंडूच्या फुलाच्या हिरव्या बुडातून सुई घालावी, पाकळ्यांतून नव्हे. हे काम घरातील मुलगे, काका आणि निवृत्त आजोबा यांजकडे सोपवून पाहावे. पहिल्या वर्षी तोरण तिरके होईल. होवो.

आपट्याविषयी एकच सूचना. सोने म्हणून एक पान द्यावयाचे असते, फांदी नव्हे. दसऱ्याच्या सुमारास नागपूरच्या रस्त्यांवर डहाळ्यांचे भारे येऊन पडतात. त्यांत पुष्कळदा आपटा नसून कांचनाचा पाला असतो, आणि दुसऱ्या दिवशी तो सर्व कचऱ्यात दिसतो. झाड ओरबाडून घराची शोभा साधत नाही, इतके म्हणून पुढे जातो.

आता पुतण्याच्या वर्गाविषयी. येथे आम्ही जरा स्पष्ट लिहिणार आहो, कारण आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे आमची वर्गातच गेली. वर्ग सजविण्याची चढाओढ हल्ली कशी होते ते आम्ही जवळून पाहतो. शाळा वर्गणी ठरविते. दोन हौशी पालक बाजारात जातात. तयार झालरी, चमकीच्या माळा, विजेच्या दिव्यांच्या लडी येतात. पूर्वी थर्माकोलची मखरे येत, २०१८ साली महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातल्यापासून पुठ्ठ्याची येतात. मुले शाळेत येतात तेव्हा वर्ग सजलेला असतो. त्यांनी त्यात काय केले? हात न लावण्याची सूचना पाळली! आणि ज्याच्या घरून दोनशे रुपये आले नाहीत, तो त्या झगमगाटात शेवटच्या बाकावर कसा बसतो, हे चढाओढीच्या परीक्षकांना दिसत नाही. शिक्षकाला दिसते, निदान दिसावयास पाहिजे.

आम्ही एका तालुक्याच्या गावी नोकरीस असताना शाळेने अशाच एका प्रसंगी पाच-पाच रुपयांची वर्गणी ठरविली. त्या काळी पाच रुपये काही घरांस जड होते. आमच्या वर्गातील एक मुलगा दोन दिवस आला नाही. त्याची आई पळसाच्या पत्रावळी लावून विकीत असे, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही वर्गात सांगितले की, या वर्गात पैसे चालणार नाहीत. ज्याने त्याने घरच्या आसपास उगवते ते आणावे. आणि शेजारच्या मुलाबरोबर त्याला निरोप पाठविला. तिसऱ्या दिवशी तो पळसाच्या पानांचा एक भारा व मूठभर बारीक काड्या घेऊन आला. पानावर पान ठेवून काडीने कसे टाचावे, काडीचे टोक कोठे मोडावे, हे त्याने चाळीस मुलांना दाखविले. वकिलांचा मुलगा त्याच्यापाशी शिकत होता, आणि काडी बोटात गेल्यावर ओरडतही होता. दुपारपर्यंत दारावर पळसपानांचे तोरण चढले. उरलेल्या पानांचे द्रोण झाले, त्यांत शेवंतीची फुले ठेवली. त्या वर्षी बक्षीस दुसऱ्या वर्गास मिळाले, त्याचे कोणास वाईट वाटल्याचे आठवत नाही. तो मुलगा पुढे कधी वर्गणीच्या दिवशी घरी राहिला नाही, एवढे आठवते.

सबब पुतण्याच्या शिक्षकांस आमची विनंती अशी की, फळा हीच पहिली भिंत समजावी. दसऱ्यास पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती रेखाटण्याची आपली रीत आहे. तीच मोठ्या फळ्यावर प्रत्येक मुलाने एकेक आकडा काढून पुरी करावी. दारापुढील रांगोळी ठिपक्यांची असावी आणि ठिपके मुलांकडून मोजवावेत. मधल्या ओळीत ५ ठिपके, तिच्या वर आणि खाली ४ व ३ असे मांडले की १९ होतात. मधली ओळ ७ ची करून ४ पर्यंत उतरावे तर ३७, आणि ९ ची करून ५ पर्यंत उतरावे तर ६१. या संख्यांत काय नियम आहे, तो शोधावयास सांगावा. पाचवीतील एखादी मुलगी पाच मिनिटांत सांगेल. आकाशकंदील करावयाचा तर कामट्या, पतंगाचा कागद आणि कणकेची खळ पुरे. नागपूरच्या मुलांना कामटी तासण्याची व खळ लावण्याची विद्या संक्रांतीच्या पतंगांमुळे उपजतच येते. कामट्यांचा नुसता चौकोन बांधून दाबला तर तो कलतो, त्रिकोण कलत नाही. जुन्या धर्तीच्या कंदिलात चौकोनांच्या कोपऱ्यांशी त्रिकोण का असतात, हे एकदा हाताने कळले की भूमितीचे अर्धे भय जाते.

ही आमचीच कल्पना आहे असे नव्हे. नाताळात ख्रिस्ती घरांच्या दारांत अनेक टोकांचा कागदी तारा टांगतात, त्याचा एक प्रसिद्ध प्रकार जर्मनीतील शाळेतच जन्मला. नीस्की या गावी मोरेव्हियन पंथाची मुलांची निवासी शाळा होती. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे भूमितीचा पाठ म्हणून मुलांकडून कागदाची सूच्याकार टोके करवून त्यांचा तारा जोडवीत. पुढे त्या शाळेत शिकलेल्या एका गृहस्थाने असे तारे विकावयास आरंभ केला, नंतर हेर्नहूट येथे त्यांचा कारखाना निघाला, आणि आज ते देशोदेशी जातात. वर्गातली वस्तू बाजारात जाण्यास तेथे पन्नासेक वर्षे लागली. आपल्याकडे बाजारातली वस्तू वर्गात येण्यास एक फेरी पुरते.

राहिली वसतिगृहातील कन्या. नागपुरात १९२३ साली विद्यापीठ आणि १९४७ साली मेडिकल कॉलेज स्थापन झाले, तेव्हापासून वऱ्हाड-खानदेशाकडून, छत्तीसगडाकडून आणि पुढे दूरदूरच्या प्रांतांतून मुले-मुली येथे येऊन राहत आली आहेत, आणि सणाच्या दिवशी ओस पडलेल्या वसतिगृहात एकट्या उरलेल्या मुलीची स्थिती आम्हांस अपरिचित नाही. अशा वेळी आईने खाऊच्या डब्याबरोबर शोभेच्या वस्तूंचे खोके पाठविले तर मुलगी ते कृतज्ञतेने खाटेखाली सारते. पत्रातील वर्णनावरून खोली तिघींची आहे. भिंतीस खिळा ठोकण्याची, पणती किंवा मेणबत्ती लावण्याची मनाई आहे. दोन्ही नियम योग्यच आहेत, ते मोडू नयेत. तोरणास खिळा लागत नाही. दाराच्या वरच्या झरोक्याच्या गजांस दोन्ही टोके बांधता येतात, तसा झरोका नसल्यास खिडकीस बांधावे. रांगोळी दाराबाहेर येण्याजाण्याच्या वाटेत नको. एक जुना पाट किंवा काळा पुठ्ठा घेऊन त्यावर काढावी, म्हणजे झाडणाऱ्या बाईंस त्रास होत नाही आणि अभ्यासाच्या वेळी ती उचलून ठेवता येते. दिवा विजेचा असावा, आणि निजण्यापूर्वी बंद करावा.

खोलीतल्या दुसऱ्या दोघींना विचारल्यावाचून मात्र काही टांगू नये. भगिनी लिहितात, त्यांतील एक ख्रिस्ती असून ईशान्येकडील आहे व दुसरी बौद्ध कुटुंबातील, चंद्रपूर जिल्ह्यातील आहे. आणि 'त्यांना काय वाटेल' अशी शंका त्यांस येते. काय वाटेल ते त्या मुलींनाच विचारावे. विजयादशमीचाच दिवस, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतल्यापासून, बौद्ध घरांतही मोठा असतो. दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते त्या दिवशी पंचरंगी ध्वजांनी आणि माणसांनी भरून जातात. त्या खोलीत एकाच दिवशी दोन सण आहेत, दार मात्र एक. पानांच्या दोरीशेजारी त्या मुलीस आपल्या कागदी पताका लावावयाच्या असल्या तर जागा करून द्यावी. आणि डिसेंबरात तिसरीचा तारा करावयाचा झाला की, कामट्या तासावयास आपल्या कन्येने पुढे व्हावे. तिघींनी तोरण ओवले तर त्यापैकी कोणाचाही धर्म बाटत नाही. फार तर बोटे पिवळी होतात.

घरच्या मंडळींनीही काही करावे, असे आम्हांस वाटते, आणि ते काम आजीकडे द्यावे. आजींनी नातीकडून तिच्या दाराचे माप मागवावे. ते आल्यावर घरच्या तोरणाबरोबर, त्याच जाड दोऱ्याचा, दुसरा एक तुकडा त्या मापाने कापावा. दसऱ्याच्या दोन दिवस आधी घरच्या आंब्याची पाने पुसून ओल्या फडक्यात गुंडाळावीत आणि अमरावतीहून नागपूरकडे येणाऱ्या कोणा ओळखीच्या माणसाबरोबर दोरा, सुई व पाने पाठवावीत. फुले पाठवू नयेत, वाटेत ती तापून काळी पडतात. झेंडू नागपुरात हवा तेवढा मिळतो. ओवण्याचे काम नातीकडे व तिच्या मैत्रिणींकडे ठेवावे. एकादशीपर्यंत तोरण वाळेल, तेव्हा ते उतरवून झेंडूची वाळलेली फुले हाताने चुरावीत. आतील काळ्या लांबट बिया एखाद्या कुंडीत टाकल्या तर पुन्हा रोपे येतात, आणि वसतिगृहाच्या गच्चीवर कुंडीस कोणाची मनाई असल्याचे पत्रात लिहिलेले नाही.

माप घेताना चौकटीची आतील रुंदी धरू नये, बाहेरील धरावी. माळ मध्ये थोडी झुकावी म्हणून टीचभर लांबी अधिक घ्यावी, आणि गाठीकरिता दोन्ही अंगांस एकेक वीत दोरा मोकळा सोडावा.